चरा ओढणाऱ्या पोरांना गॅरेजमध्ये उभं करा

गाडीवर कुणी चरा ओढला की लोक दोनच सल्ले देतात. एक, "पोरंच ती, सोडून द्या." दुसरा, "एकदा धरून चांगलं सडकून काढा." सध्या हे दोन्ही मी जिन्यात, दुधाच्या रांगेत आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐकते आहे. मला दोन्ही पटत नाहीत. कारण सोडलं काय किंवा मारलं काय, आपण नक्की काय बिघडवलं हे त्या पोरांना कळायची सोय दोन्हींत नाही.

झालं ते थोडक्यात. आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीत राहतो. मध्यरात्रीनंतर चार मुलं रस्त्याकडेच्या गाड्यांच्या रांगेला टोकदार काहीतरी टेकवून चालत गेली. मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात ती स्पष्ट दिसतात. हसतायत, आणि एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढतोय. चौघंही पंधरा ते सतरा वर्षांची, आपल्याच वसाहतीतली. "रस्त्यावर गाडी लावता, मग होणारच" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा गाड्यांसाठी जागा कुणी धरलीच नव्हती. पुनर्विकास झालेल्यांना पार्किंग मिळालं, आम्हाला अजून रस्ताच आहे. आणि गाडी चुकीच्या जागी असेल तर दंड करायला वाहतूक पोलीस आहेत.

आता रंगाचं बोलते, कारण "थोडं पॉलिश मारलं की जातं" हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, जो अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला गॅरेजमध्ये लॅकर म्हणतात. चारही थर मिळून जाडी भरते १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी.

चरा किती खोल आहे ते घरीच कळतं. गाडी धुवायची आणि चऱ्यावरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही, पाणी टाकल्यावर चरा दिसेनासा झाला, तर तो बहुधा लॅकरमध्येच आहे. तो रबिंग कंपाउंड नावाच्या घासायच्या पेस्टने, फार तर २००० नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक वॉटर पेपरने हलक्या हाताने घासून निघतो. पण निघतो म्हणजे भरून येत नाही. आजूबाजूचं लॅकर चऱ्याच्या तळाशी येईपर्यंत झिजवलेलं असतं. ते मुळातच पातळ, त्यामुळे हा उपाय पुन्हा पुन्हा करता येत नाही. नख अडकलं आणि आत करडा प्रायमर दिसला, की पॉलिशचा विषय संपला. आणि उघडा पत्रा दिसला तर मुंबईत थांबून चालत नाही. ठाण्याच्या खाडीची दमट खारी हवा, वर चार महिने पाऊस. गंज बघता बघता धरतो आणि मग रंगाखालून पसरत जातो, वरून कळतही नाही.

माझ्या गाडीला पुढच्या फेंडरपासून दोन्ही दारांवरून मागच्या क्वार्टर पॅनलपर्यंत, म्हणजे मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत, एकच सलग रेघ होती. पत्र्यापर्यंत गेलेली. पेंटरकाकांनी पॅनलमागे साडेतीन हजार सांगितले. चार पॅनल, चौदा हजार. "रेघ एवढीशी, आणि अख्खं दार रंगवायचं?" असं मला शेजारणीने विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. रेघेच्या कडा आधी घासून उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर वरच्या रंगाला पायरी दिसते. मग गंजाला अटकाव करणारा प्रायमर, लागेल तिथे लांबी म्हणजे पुट्टी, ती वाळल्यावर सपाट घासणं, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणं, मग रंग. रंग मधेच विरवता येतो, लॅकर मात्र पॅनलच्या कडेपर्यंत न्यावंच लागतं, कारण मधला सांधा कालांतराने उघडा पडतो. शिवाय माझी गाडी सिल्व्हर. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारायच्या गनचा दाब किंवा अंतर जरा बदललं की ते कण वेगळे बसतात आणि तोच रंग वेगळा दिसतो. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, पण तो नव्या गाडीचा. काही वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीला तो नेमका लागत नाही. काकांनी पत्र्याच्या तुकड्यावर शेड मारून, उन्हात नेऊन, दाराला लावून बघितली. पसंत पडेना, तेव्हा पुन्हा मिसळली. हे कष्ट बिलात कुठेच लिहिलेले नसतात.

"विमा आहे ना?" हाही ठरलेला प्रश्न. नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, असेल तर एक पैसा मिळत नाही. माझा पूर्ण विमा आहे, म्हणून हिशेब मांडला. चौदा हजारांच्या पेंटिंगच्या बिलात २५ टक्के साहित्य धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे १,७५० गेले. लहान इंजिनाच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात उरले ११,२५०. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येतो. माझा ५० टक्क्यांवर पोचलेला. तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढत पूर्वपदावर यायला पाच वर्षं जातात. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, मूळ प्रीमियम बारा हजार धरला तर तेवढ्या काळात पंधरा हजारांची सूट हातची जाते. गाडीची किंमत उतरते तसा आकडा कमी होईल, तरी क्लेम करणं परवडत नाही. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर आधी हिशेब करा, मग क्लेम करा.

पण माझं सोडा, मी दुसऱ्या दिवशी लोकलने कामावर गेले. शेजारच्या विंगमधल्या दादांची गाडी पिवळ्या पाटीची आहे. तिच्यावर घर चालतं आणि तिचाच हप्ता भरायचा असतो. गाडी पेंटला गेली तेवढे दिवस भाडं बंद. ती भरपाई त्यांच्या विम्यात नाही आणि कुणाच्या माफीतही नाही. त्या मुलांना रांगेत फक्त पत्रा दिसला. त्यांना ही गाडी कुणाची आणि ती थांबली की कुणाचं काय थांबतं, हे माहीत असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

कायद्याचंही बघितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशी नासधूस कलम ३२४ मध्ये येते. साध्या प्रकाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या दरम्यान असेल तर दोन वर्षांपर्यंत. माझ्या चौदा हजारांची एनसी होते, म्हणजे अदखलपात्र. त्यात मुलं अठराच्या आतली, तेव्हा प्रकरण बाल न्याय मंडळाच्या अखत्यारीतलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १८ मी नीट वाचलं. समज देणं, समुपदेशन, पालकांना दंड, याबरोबर मुलाकडून समाजसेवा करवून घेण्याचीही तरतूद त्यात आहे. मुलाने चूक निस्तरण्यात हात लावावा, हे कायद्यालाही मान्य आहे. मग ते आपल्याला वसाहतीतच का जमू नये?

एका मुलाचे वडील पाकीट घेऊन आले. "ताई, काय होतील ते घ्या आणि विषय मिटवा, त्याचं दहावीचं वर्ष आहे." मी म्हटलं, बिलाप्रमाणे पैसे घेईन, पण मुलगा गॅरेजला आला पाहिजे. ते चिडले. त्यांच्या मते मी मुलाचा अपमान करत होते. पाकीट घेऊनच परत गेले. दुसऱ्या एका मुलाची आई मात्र लगेच हो म्हणाली, आणि तिच्यामुळे अजून एक मुलगा आला. दोघं काकांजवळ उभे राहिले. काकांनी त्यांची बोटं धरून घासलेल्या पत्र्यावरून फिरवली आणि डोळे मिटून पायरी कुठे लागते ते ओळखायला सांगितलं. फवारणीच्या वेळी मी त्यांना बाहेर काढलं. त्या रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो कडक व्हावा म्हणून मिसळायच्या द्रवात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, श्वासातून गेले तर दमा जडू शकतो. काका स्वतः नाकाला रुमाल बांधून मारत होते, हेही मुलांनी बघितलं. काकांना योग्य मास्क मिळाला पाहिजे. रुमालाने ती वाफ अडत नाही, आणि गॅरेजमालकाला मी तसं सांगितलंय.

नंतर रविवारी याच मुलांनी तळमजल्यावरच्या आजोबांच्या गाडीवरचे वरवरचे चरे कंपाउंड लावून हाताने काढले. हात भरून आले, पण काम पुरं केलं. एकाने माफी मागितली. दुसरा शेवटपर्यंत गप्प होता. त्याच्या माफीसाठी मी अडून बसलेली नाही.

उरलेल्या दोन घरी मी पुन्हा जाणार आहे. पिवळ्या पाटीच्या दादांची गाडी अजून रंगवायची आहे. बुडालेल्या भाड्यासकट खर्च चौघांच्या घरांनी वाटून घ्यावा आणि चारही मुलांनी तिथे हजर राहावं, एवढी एकच मागणी मी सोसायटीच्या सभेत मांडणार आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी ग्रुपवर अंगठा दाखवून थांबू नये, सभेला यावं.