बोर्ड नाही म्हणून पार्किंग फ्री होत नाही, तो फॉरवर्ड चुकीचा आहे

सोसायटीच्या ग्रुपवर, फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. नो पार्किंगचा बोर्ड नसेल तर दंड करता येत नाही, ड्रायव्हर आत बसलेला असेल तर ते पार्किंग धरत नाहीत, चारी इंडिकेटर लावून पाच-दहा मिनिटं कुठेही थांबलं तर चालतं आणि आपल्या गेटसमोरची जागा आपलीच. लोक खरंच यावर विश्वास ठेवून गाड्या लावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बोर्डाचं. २०१७ पासून देशभर लागू असलेले मोटार वाहन ड्रायव्हिंगचे नियम आहेत, त्यात कुठे गाडी लावायची नाही याची यादीच दिलीये. फूटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग, चौकापासून ५० मीटरपर्यंत, बसस्टॉपजवळ, शाळा-हॉस्पिटलच्या गेटपाशी, आधीच लावलेल्या गाडीला खेटून डबल पार्किंग, रस्त्याच्या उलट्या बाजूला. इथे बोर्ड असो नसो, बंदी आहेच. आणि हे नुसतं कागदावरचं नाहीये हो, कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर एखादी मोठी एसयूव्ही उभी असली की गल्लीतून बाहेर पडणाऱ्या स्कूटीवालीला उजवीकडून येणारी बस दिसतच नाही, बघायचं म्हणून ती पुढचं चाक बाहेर काढते आणि ते चाक थेट बसच्या वाटेत जातं. फूटपाथला व्हीलचेअरसाठी उतार केलेला असतो, तिथे गाडी लावली तर त्या माणसाला रस्त्यावरूनच जावं लागतं. तिथे लावायलाही बंदी आहे, हे किती जणांना माहितीये?

ड्रायव्हर आत असला तरी काय, त्याच नियमांत माणसं किंवा सामान लगेच चढवण्या-उतरवण्यापलीकडे गाडी थांबवली तर ते पार्किंग, आणि ३ मिनिटांच्या वर थांबली तरी पार्किंगच. गोंधळ बहुतेक मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ वरून होत असावा, पण ते गाडी आपोआप घरंगळू नये म्हणून आहे, लायसनवाला सीटवर हवा नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, एवढंच. त्यात पार्किंगची परवानगी नाही.

चारी इंडिकेटर बंद पडलेल्या गाडीसाठी असतात. ते लावले म्हणून कुठेही थांबायची परवानगी मिळत नाही.

चिन्हं पण नीट बघा. निळ्या गोलावर एक लाल तिरकी रेघ म्हणजे नो पार्किंग, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंच नाही, पॅसेंजर उतरवायलाही नाही. चौकातल्या पिवळ्या जाळीवर तर सिग्नल हिरवा असला तरी पुढे जागा नसेल तर शिरायचं नाही. पुण्यात पी-वन, पी-टू असेल, म्हणजे एक दिवस रस्त्याच्या एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला पार्किंग, तर आजची तारीख सम की विषम ते बघूनच लावा.

गेटसमोरचा रस्ता सार्वजनिक आहे. हवा सोडण्यात येईल, अशी पाटी कुणी स्वतः लावली तर तिला कायद्याचा आधार नाही, कुणाच्या टायरची हवा काढायचा हक्क तर अजिबातच नाही. पण म्हणून दुसऱ्याचं गेट अडवायचीही मुभा नाही, पाटी नसली तरी.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्यांदा ५०० आणि परत सापडलात तर १५०० रुपये दंड आहे, टोइंगचे वेगळे. चलान खरंच चुकीचं आलं असेल तर वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार करता येते, त्यासाठी गाडी कुठे उभी होती, आजूबाजूला काय होतं हे दिसेल असा फोटो जोडा. फॉरवर्डचा स्क्रीनशॉट तिथे उपयोगाचा नाही.