आमच्या नोकऱ्यांवर तुमच्या ॲडमिशन चालतात

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पुण्यात नवले पुलाकडून वाकडच्या बाजूला येताना हायवेवर एमबीए कॉलेजांची होर्डिंगं पुन्हा लागलीत. ब्लेझर घातलेली हसरी मुलं, ठळक अक्षरांत '100% प्लेसमेंट', खाली 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा. असल्याच एका कॉलेजातून मी नुकतीच फायनान्समध्ये एमबीए करून बाहेर पडलेय. त्यांच्या शंभर टक्क्यांत त्यांनी मलाही धरलंय, आणि तेही मी नाकारलेल्या ऑफरवर! मी जिथे एक दिवस कामाला गेले नाही, त्या कंपनीच्या नावापुढे माझं नाव टाकून ती यादी नव्या पालकांना दाखवली जातेय.

प्लेसमेंट सेल नक्की कोणासाठी असतो, हे दोन वर्षांत मला नीट कळलं. तो मुलांसाठी नसतो, पुढच्या बॅचच्या ॲडमिशनसाठी असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या सगळ्या गोष्टींचा उलगडा होतो.

आमच्या टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग-प्लेसमेंट बघणाऱ्या, सरांचंच घ्या. सप्टेंबर ते मार्च हा कंपन्यांच्या मागे लागायचा काळ. पण सर आठवड्यातले तीन दिवस लेक्चर घ्यायचे, कारण शिकवायला माणसं कमी. एप्रिल उजाडला की त्यांच्या हातात सीईटी दिलेल्या मुलांच्या नंबरांची यादी, आणि दिवसभर फोन: "बेटा, आपल्याकडे प्लेसमेंटची काळजी नाही." ज्या खोलीतून हे फोन चालायचे त्याच खोलीबाहेर आम्ही फायनल इयरची मुलं बसून असायचो, कुठल्या ड्राइव्हचं, म्हणजे कंपनीच्या भरतीचं, काय झालं हे विचारायला. आम्हाला आत घ्यायला वेळ नव्हता. सरांवर माझा राग आहेच, पण त्यांना दोन हजार कामांना जुंपून प्लेसमेंटसाठी एकच माणूस ठेवणाऱ्या मॅनेजमेंटवर त्याहून जास्त आहे.

आता पूल कॅम्पस, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या मुलांची एकत्र भरती. रात्री अकरानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: गुगल फॉर्म भरा, उद्या सकाळी नऊला वाघोलीला रिपोर्ट करा, फॉर्मल्स कंपल्सरी, न आल्यास पुढच्या ड्राइव्हमधून डिबार. जेडी, म्हणजे काम नक्की काय ते, विचारली तर उत्तर येतं, "तिथे सांगतील." ताथवड्याहून वाघोली म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. दोन बस बदलून, ब्लेझर हातावर घेऊन पोचायचं. हॉलमध्ये वीसेक कॉलेजांची मुलं कोंबलेली, खुर्च्या अपुऱ्या, पंखे बंद. एचआरची माणसं दुपारी एकनंतर येतात. मग प्रेझेंटेशन. फॉर्मवर 'मॅनेजमेंट ट्रेनी' लिहिलेलं असतं आणि स्लाइडवर दिसतं ते दारोदार फिरून सेव्हिंग खाती उघडायचं काम. स्वतःची दुचाकी हवी, लायसन्स हवं. बँकेचं नाव मोठं, पण पेरोल तिसऱ्याच कंपनीचा, म्हणजे पगार देणार ती. फायनान्सवाले, मार्केटिंगवाले, एचआरवाले, ऑपरेशन्सवाले, सगळे एकाच रांगेत. दोन वर्षं रेशो ॲनालिसिस, वर्किंग कॅपिटल, डेरिव्हेटिव्ह्ज शिकलेल्या मुलीला विचारलेला एकमेव प्रश्न होता, "गाडी चालवता येते ना?"

विक्रीचं काम हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माझा चुलतभाऊ बारावीनंतर तेच काम करतो आणि घर चालवतो. प्रश्न असा आहे की जे काम बारावीनंतर मिळत होतं, त्यासाठी एमबीएची फी का भरून घेतली?

आणि ते पॅकेज! ऑफर लेटरवर 4 लाख 20 हजार. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मग मी कागद घेऊन बसले. त्यातले 1 लाख 20 हजार 'व्हेरिएबल', म्हणजे टार्गेट झालं तर. उरले तीन लाख. त्यात कंपनीने भरायचा पीएफ धरलेला, ग्रॅच्युइटी धरलेली, जी सोडून जाणाऱ्याला पाच वर्षांच्या आत मिळतही नाही, मेडिक्लेमचा हप्तासुद्धा माझ्याच पॅकेजमध्ये मोजलेला. माझा स्वतःचा पीएफ कापून हातात पडणार वीस हजारांच्या आसपास. त्यात वाकडला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहायचं, मेस भरायची, शंभरच्या वर गेलेलं पेट्रोल टाकून गल्लोगल्ली फिरायचं. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू होतो, तो कुठून द्यायचा? ऑफर लेटर कसं वाचायचं हे आम्हाला प्लेसमेंट सेलने शिकवायला नको होतं? फिक्स्ड काय, व्हेरिएबल काय, बॉण्ड आहे का, नोटीस पिरियड किती, हे एक तास बसून सांगायला काय खर्च येतो? त्याऐवजी 'सॉफ्ट स्किल्स'च्या नावाखाली टाय कशी बांधायची आणि हात कसा मिळवायचा यावर आठवडा घालवला. त्या ट्रेनिंगचे पैसे ठरलेल्या फीच्या वर वेगळे घेतले. पावती मागितली तर सही-शिक्का नसलेला कागद.

मी ती ऑफर नाकारली तेव्हा कॉलेजातल्या एका मॅडमनी बोलावून घेतलं. "अगं, घरी बसण्यापेक्षा बरं ना? पहिल्या नोकरीत पॅकेज बघू नये." मी म्हटलं, मॅडम, पॅकेज नाही बघत, काम बघतेय, माझं स्पेशलायझेशन फायनान्स आहे. त्यावर नियमावर बोट: 'वन स्टुडंट, वन जॉब'. एक ऑफर मिळाली की पुढच्या ड्राइव्हला बसता येत नाही, मग ऑफर घ्या नाहीतर सोडा. ॲडमिशनच्या वेळी सह्या घेतलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात हे होतं म्हणे. सगळ्यांना संधी मिळावी म्हणून हा नियम असतो, तो चांगल्या कंपन्या रांगेने येतात तिथे रास्त आहे. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यात फालतू ड्राइव्ह लावायची, हजेरी सक्तीची करायची, सगळ्यांना एकेक ऑफर चिकटवायची आणि दार बंद करायचं. मार्चमध्ये एक बरी कंपनी आली, क्रेडिट ॲनालिस्टची जागा होती, तर बसायला पात्र मुलं जवळजवळ उरलीच नव्हती. त्या एचआरनी चार मुलांचे इंटरव्ह्यू घेतले आणि निघून गेले. पुढच्या वर्षी ते कशाला येतील?

माझ्या वर्गातला एक मुलगा कोल्हापूरच्या मामाच्या ओळखीने एका फाउंड्रीत अकाउंट्सला लागला. त्याचं ऑफर लेटर मागून घेतलं, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर 'काँग्रॅच्युलेशन्स'चा बॅनर, वर प्लेसमेंट सेलचा लोगो. जी वडिलांच्या दुकानात बसली ती मुलं 'आंत्रप्रेन्युअर'. जी मुलं वैतागून ड्राइव्हला येईनाशी झाली ती 'नॉट इंटरेस्टेड', म्हणजे हिशोबातूनच बाद. भागिले खालचा आकडा असा कमी करत नेला की शंभर टक्के कोणाचेही होतील. लातूरकडची माझी एक मैत्रीण, वर्गात दुसरी आलेली, आज गावी बसून बँकेच्या परीक्षा देतेय. कॉलेजच्या कागदावर ती बेरोजगार नाहीच. ती कागदावरच नाही.

हे बंद करायला रॉकेट सायन्स लागत नाही. अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन प्लेसमेंटचे आकडे कसे मांडायचे याचे निकषच तयार केले, आयपीआरएस नावाचे. किती मुलं बसली, किती बाहेर राहिली, पगारातला पक्का भाग किती, सगळं वेगवेगळं दाखवायचं आणि ऑडिट करून घ्यायचं. आमच्यासारख्या कॉलेजांना ते कोणी सक्तीचं केलेलं नाही. निदान एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगचा, आधार आहे. जी कॉलेजं त्या रँकिंगला उतरतात त्यांना किती मुलं भरली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती, हे भरून द्यावं लागतं, आणि ते फॉर्म लोकांना बघायला मिळतात. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीने उभं केलं तर मधोमध येणाऱ्याचा पगार. 'हायेस्ट पॅकेज' एका मुलाचं असतं, आणि बऱ्याचदा तो आधीच चार वर्षं नोकरी करून आलेला असतो. आई-बापाने विचारायचा तो मीडियन. विचारून बघा, समुपदेशकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

इंटर्नशिपचं तर बोलायलाच नको, पण बोलते. दुसऱ्या सेमिस्टरनंतर समर इंटर्नशिप प्रोजेक्ट असतो, त्याला मार्क असतात. विद्यार्थी कंपनीत पाय ठेवतो, काम बघतो, जमलं तर तिथेच नोकरी लागते. खरी दारं इथूनच उघडतात. चाकण, भोसरी, रांजणगाव, हिंजवडी सगळं एवढं उशाला असताना आमच्या सेलने एकाही कंपनीशी बोलून जागा आणल्या नाहीत. "तुमचं तुम्ही शोधा, लेटर आम्ही देतो." ज्यांच्या घरात कोणी कंपनीत आहे त्यांना मिळालं. ज्यांचे वडील शेती करतात किंवा रिक्षा चालवतात, त्यांनी काय करायचं? आमच्यातल्या काहींनी पैसे देऊन ऑनलाइन सर्टिफिकेट आणलं आणि रिपोर्ट कॉपी-पेस्ट केला. गाइडला माहीत होतं. सही झाली.

मला काय हवं होतं ते फार मोठं नव्हतं. पहिल्या सेमिस्टरला कोणीतरी माझ्याशी अर्धा तास बोलून विचारायला हवं होतं की तुला काय जमतं, काय आवडतं, घरची गरज काय. माजी विद्यार्थ्यांची एक धड यादी हवी होती, फोन करता येईल अशी. आमच्या कॉलेजातून आजवर इतक्या बॅच बाहेर पडल्या, त्यातले कितीतरी आज मॅनेजर असतील, पण सेलकडे त्यांचे नंबर नाहीत, कारण बॅनर छापून झाला की त्या मुलांचा उपयोग संपतो. सीव्ही तर सगळ्यांचा एकाच साच्यातला, 'हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड', सगळ्यांचा छंद 'लिसनिंग टू म्युझिक'. त्यावर लाल पेनाने एक खूण करून द्यायलाही कोणाला फुरसत झाली नाही.

2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासेसच्या जाहिरातींवर नियम आणले. शंभर टक्के निवडीची, नोकरीची हमी असले दावे करायचे नाहीत. क्लासवाल्याला हे लागू, मग त्यांच्याहून कितीतरी जास्त फी घेणाऱ्या कॉलेजांच्या होर्डिंगकडे एवढा कानाडोळा का? एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता, शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी, एवढ्या सगळ्या सरकारी शिक्क्यांखाली ही धूळफेक राजरोस चालते. गावाकडचा बाप शिक्के बघतो आणि विश्वास ठेवतो. माझ्या बाबांनी ठेवला.

शेवटी नोकरी मी स्वतः शोधली. पोर्टलवर अर्ज टाकत राहिले, ॲडव्हान्स एक्सेल यूट्यूबवर शिकले, एका छोट्या फर्ममध्ये एमआयएसचं, म्हणजे आकड्यांचे रिपोर्ट बनवायचं, काम मिळालं. पगार त्या ऑफरपेक्षा बरा आहे आणि काम माझ्या विषयातलं आहे. आणि आता कॉलेजला ते ऑफर लेटर हवंय! नो ड्यूज फॉर्मवर लायब्ररीची सही झाली, हॉस्टेलची झाली, अकाउंट्सची झाली, प्लेसमेंट सेलची होत नाही. "लेटरची पीडीएफ मेल कर, एक फोटो पाठव, मग करतो." तोवर टीसी नाही, मूळ मार्कशीटही नाहीत. म्हणजे ज्या नोकरीसाठी यांनी एक फोन केला नाही, ती यांच्या नावावर जमा करायला माझी कागदपत्रं ओलीस!

युजीसीचे 2023 चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत, एआयसीटीईचेही 2019 चे आहेत. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं आणि माहितीपत्रकात खोटी माहिती छापणं, दोन्ही गोष्टी त्यात तक्रारीचे विषय म्हणून आहेत. कॉलेजात तक्रार निवारण समिती असावीच लागते, तिथे दाद मिळाली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. मी लेखी अर्ज दिलाय, आवक नंबर टाकून पोच घेतलीये, आणि नाकारलेल्या ऑफरवरून माझं नाव यादीतून काढा हेही त्यातच लिहिलंय. माझ्या बॅचमधल्या ज्यांच्या सह्या अशाच अडकल्यात त्यांनी एकेकट्याने सेलच्या दारात उभं राहू नका, अर्जाचा नमुना माझ्याकडून घ्या. ऑफर लेटर मी पाठवणार नाही. फोटो तर नाहीच नाही.