अलिबागच्या ग्रुपला, ऑस्लोहून

आमच्या अलिबागच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा इस्रायल-पॅलेस्टाईन पेटलं. एकाने १९४८, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेचं साल काढलं, दुसरा त्याच्याही मागे गेला. मग एकाने थेट मलाच विचारलं, "तुझ्या ऑस्लोने काय दिवे लावले? बोलणी करून कधी काही झालंय का?" मी नॉर्वेत ऑस्लोला राहते, आणि १९९३ चा इस्रायल-पॅलेस्टिनी करार याच शहराच्या नावाने ओळखला जातो, म्हणून हा टोमणा. मी तिथे दोन ओळी टाकल्या, पण हे उत्तर दोन ओळींचं नाही.

ऑस्लोहून दक्षिणेला आगगाडीने तास-सव्वा तासावर सार्प्सबोर्ग आहे. तिथला बोरेगॉर्डचा जुना वाडा मी मुद्दाम जाऊन पाहिला. जानेवारी १९९३ मध्ये याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक हे दोन इस्रायली अभ्यासक आणि पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे, अहमद कुरेई व त्यांचे दोन सहकारी इथे गुपचूप भेटले. तोवर पीएलओच्या माणसाला भेटणं इस्रायलमध्ये गुन्हा होता. तो कायदा इस्रायली संसदेने भेटीच्या जेमतेम आदल्या दिवशी रद्द केला होता. फाफो या नॉर्वेच्या संशोधन संस्थेने सगळी व्यवस्था पाहिली. एकाच छपराखाली राहायचं, एकाच टेबलावर जेवायचं, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. पुढे इस्रायल सरकारतर्फे उरी साविर आले, तेव्हा त्यांचं आणि कुरेईंचं ठरलं की आपण इतिहासावरून पुन्हा भांडायचं नाही.

आपली ग्रुपवरची चर्चा नेमकी त्या इतिहासापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. इतिहास विसरायला त्या दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं. पण उद्यापासून पाणी कोण सोडणार, पोलीस कोणाचे, कर कोण गोळा करणार, हे १९४८ वर कितीही भांडलं तरी ठरत नाही.

करार फसला, हे मला मान्य आहे. १३ सप्टेंबर १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या, पण जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (व्याप्त पॅलेस्टिनी भागात इस्रायलींनी बांधलेल्या वस्त्या) आणि सीमा हे सगळे अवघड प्रश्न नंतरवर ढकलले गेले. मधे पाच वर्षांचा अंतरिम काळ ठेवला. करार मोडू पाहणाऱ्यांना तेवढा वेळ पुरला. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने २९ नमाजींना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी हमासचे आत्मघाती स्फोट बसमध्ये होऊ लागले. ४ नोव्हेंबर १९९५ ला पंतप्रधान राबिन यांचा खून त्यांच्याच देशाच्या एका ज्यू तरुणाने केला. आणि या सगळ्यात वसाहती वाढतच राहिल्या. वेस्ट बँकेत, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागात, तेव्हा लाख-सव्वा लाख वसाहतवाले होते, आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत, तेही पूर्व जेरुसलेम सोडून. नॉर्वे दोघांना जेवायला बसवू शकला, पण शब्द मोडणाऱ्याला जाब विचारायची ताकद त्याच्याकडे नव्हती.

माझी एक सहकारी वेस्ट बँकेतल्या रामल्लाची आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने कागदी रुमालावर मला नकाशा काढून दाखवला: अ क्षेत्र पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, ब क्षेत्रात कारभार त्यांचा पण सुरक्षा इस्रायलकडे, क क्षेत्र पूर्ण इस्रायलच्या ताब्यात. १९९५ च्या दुसऱ्या कराराने केलेली ही वाटणी काही वर्षांपुरतीच होती, पण ती अजून तशीच आहे. तिची बहीण बेथलहेमला, सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर. पण मधल्या जेरुसलेममधून परवान्याशिवाय जाता येत नाही, म्हणून वादी नार नावाच्या दरीच्या उतारावरून वळसा घालायचा, आणि तपासणी नाकी बंद असली की तासन्‌तास थांबायचं. पेन इतकं दाबून ती रेघ काढत होती की रुमाल फाटला.

आणि आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतल्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या वस्तीतल्या मावशी, आईच्या जुन्या शेजारीण, आता मुलीकडे इस्रायलमध्ये अश्दोदला असतात. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "अगो, सायरन वाजला की पंचेचाळीस सेकंद असतात. माझ्या गुडघ्यांचे ते जिन्यातच संपतात." त्या दिवशी हमासने सुमारे १,२०० माणसं मारली. नंतरच्या दोन वर्षांत इस्रायलच्या हल्ल्यांत, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे ६७ हजारांहून जास्त माणसं गेली. यातलं एक दुःख धरायचं आणि दुसरं सोडायचं, हे मला जमत नाही. ग्रुपवर ते का मागितलं जातं, तेही कळत नाही.

बोलणी करून काय होतं, असं विचारलंत म्हणून सांगते. ७ ऑक्टोबरला धरून नेलेले जे ओलीस जिवंत घरी आले, त्यांतले बहुतेक वाटाघाटींतून आले. ऑक्टोबर २०२५ ची युद्धबंदी कतार, इजिप्त, तुर्की आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने झाली. त्याच्या आदल्या महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या, म्हणजे इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाईनच्या, बाजूने १४२ मतं पडली. त्यात भारताचं मत होतं. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी एकानेही ते लिहिलं नाही.

मला धास्ती वेगळीच वाटते. नोव्हेंबर २०२५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे, पण सुधारणा झाल्या, पुनर्बांधणी पुढे सरकली, तर कदाचित तिकडे जाणारी वाट तयार होईल, अशा भाषेत. त्याला तारीख नाही. वेस्ट बँकेतल्या वसाहतींबद्दल त्यात काही नाही. अवघड ते पुन्हा नंतरवर. यावर वाद घालायचा असेल, तर तुमची सकाळ होईपर्यंत मी इथे जागी राहीन.