होडीला नवा रंग

गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने माझ्या लॅपटॉपकडे पाहून "मामा, तुम्ही अजून हाच ब्राउझर वापरता?" असे अशा स्वरात विचारले की, मी आरतीला फाटकी बनियन घालून उभा राहिलो आहे की काय, असे मला वाटले. आमच्या मालवणच्या घरात तो ब्राउझर बरेच दिवस रुसला होता, हे मात्र खरे. माजघरात बसून एका अर्जाचे चौथे पान उघडावे, तर पडद्यावर गोल चक्र फिरू लागे आणि मी चहा घेऊन परतेपर्यंत घाण्याच्या बैलासारखे फिरतच राही.

पूर्वी ब्राउझर बदलायला सबळ कारणे असत. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती 2001 मध्ये आली आणि सातवी यायला 2006 उजाडले. मधल्या काळात, 2004 मध्ये, फायरफॉक्स आला आणि एकाच खिडकीत अनेक टॅब उघडण्याच्या सुखासाठी बरेच लोक तिकडे गेले. 2008 मध्ये आलेल्या क्रोमने टॅबांचे काम वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून दिले, त्यामुळे एक टॅब बुडाला तरी बाकीचे तरंगत राहू लागले; त्याबदल्यात मेमरी मात्र सढळ हाताने मोजावी लागते. मी बदलला तो भाच्यापुढे अब्रू राहावी म्हणून. (माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे कारण हेच असावे, सांगताना ते 'गोपनीयता' म्हणतात.)

भाच्याने पडवीत पाट मांडून नवा ब्राउझर उतरवला. बुकमार्क निमूटपणे आले, पासवर्डांनी मात्र हटवादीपणा केला. बँकेचा पासवर्ड जुन्या ब्राउझरला ठाऊक होता, मला नव्हता. तो शेवटी आंब्याच्या हिशेबाच्या वहीत, पेट्यांच्या बेरजेखाली, शाईने अर्धा पुसलेला सापडला. तरीही अर्जाचे चौथे पान क्षणात उघडले, तेव्हा मी भाच्याची पाठ थोपटली.

एवढ्यात प्रसादाला आलेले शेजारचे तांडेल (होडीचे कप्तान) पडद्यावर वाकून म्हणाले, "रंग बरो आसा, पण इंजिन खयचा?" भाचा किंचित ओशाळला. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह या साऱ्यांच्या पोटात ब्लिंक नावाचे एकच इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारी यंत्रणा, आहे, फायरफॉक्सचे गेको मात्र निराळे, असे त्याने सांगितले. आणि माझा जुना ब्राउझर व हा नवा दोघेही ब्लिंकवालेच निघाले. तांडेल मोदक तोंडात टाकून समाधानाने हसले.

तरी वेग वाढला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. गौरी-गणपती गेले, भाचा मुंबईला परतला आणि मी लॅपटॉप पुन्हा माजघरात नेला, तर नव्या ब्राउझरमध्ये तेच चक्र, त्याच संथ गतीने. सौभाग्यवतींनी काही न बोलता लॅपटॉप उचलला, चिऱ्याच्या दीड हात जाड भिंतीपलीकडे पडवीत ठेवला, जुना ब्राउझर उघडला आणि चौथे पान पुढ्यात करून म्हणाल्या, "हां, आता भरा. आणि तुमचा तो फोनही इथेच येऊन बोलत जा, आतून कुणाला ऐकू जात नाही."