कबरीत चुना-भुसा घातल्याने हवा खेळत नाही

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. दफनभूमीची माती चिकट असेल तर कबर बुजवताना तिच्यात वाळू, चुना, लाकडाचा भुसा आणि कंपोस्ट मिसळा; माती मोकळी होते, हवा खेळते, देह दोन-तीन वर्षांत मातीला मिळतो आणि जागा पुन्हा वापरता येते, असं त्यात म्हटलंय. मातीची तपासणी हेच माझं काम. हे वाचून गप्प बसवेना, कारण सल्ला चुकला तर त्याचं फळ कबर पुन्हा खणणाऱ्याच्या आणि घरच्यांच्या वाट्याला येतं. अर्धवट राहिलेला देह उघडा पडणं कुणाच्याही नशिबी येऊ नये.

सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे. हवा नसली की कुजणं रखडतं. ओल्या, कोंडलेल्या मातीत शरीरातल्या चरबीचा पांढरट, साबणासारखा मेणचट थर बनतो. त्याला ॲडिपोसेअर म्हणतात. तो एकदा बसला की देह कित्येक दशकं तसाच राहू शकतो. जर्मनीत ठरावीक वर्षांनी कबरी पुन्हा वापरतात, तिथल्या ओल्या चिकणमातीच्या दफनभूम्यांना ही अडचण चांगलीच भोवली आहे. रोग बरोबर ओळखलाय, पण औषध चुकलंय.

आधी वाळू. कबरीचा खड्डा साधारण 2 घनमीटरचा धरा. चिकणमातीचा पोत खरोखर बदलायचा तर त्यात निम्म्याहून जास्त वाळू हवी, म्हणजे एका कबरीला दीड टनाहून अधिक. चार घमेली टाकली तर वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि माती उलट आणखी घट्ट होते. समजा, तेवढी वाळू आणलीही. खड्ड्याच्या भिंती आणि तळ तर चिकणमातीचेच राहिले ना? आजूबाजूचं पाणी मोकळ्या मातीकडे धावतं, आत उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तुंबतं. तुम्ही हवेची जागा करायला गेलात आणि हौद बांधून बसलात. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. रंध्रं कितीही वाढवा, ती पाण्याने भरली की हवेचा मार्ग बंदच.

असा एक खड्डा मी जवळून पाहिला आहे. वरची माती तपकिरी, हातात भुरभुरणारी. कमरेएवढ्या खोलीवर रंग निळसर करडा झाला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला. गोळा बोटांत दाबला तर त्याची लांब पट्टी निघाली, तुटेचना. निळसर करडा रंग आणि हा वास म्हणजे तिथे हवा फार काळ पोचलेलीच नाही. भुशाची पोती घेऊन निघण्याआधी हा रंग बघायला हवा.

चुन्याचा समज तर फार जुना. चुना देह लवकर संपवतो, असं पिढ्यानपिढ्या ऐकवलं जातं. डुकरांची कलेवरं चुन्यासह पुरून केलेल्या प्रयोगांत उलटंच दिसलं: सुरुवातीच्या काळात कुजणं मंदावलं. आम्लता झपाट्याने घटते, जिवाणूंचं काम अडतं. वासावर उपाय म्हणून चुना वापरला जातो, हे मान्य; पण त्यालाच लवकर कुजणं समजण्यात गल्लत आहे. चुन्याऐवजी जिप्सम घालावं म्हटलं, तर त्याचा उपयोग सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत होतो, तोही पाण्याला निचरा असेल तरच. इतर चिकणमातीत त्याच्याकडून फार आशा धरू नये.

भुसा आणि कंपोस्ट यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. वरच्या वीतभर मातीत कंपोस्ट उत्तम, पण दीड मीटर खाली ते स्वतःच प्राणवायू खाऊ लागतं. आधीच अपुऱ्या हवेत आणखी एक वाटेकरी. देहाचं खत करण्याच्या पद्धतीचा दाखला यासाठी दिला जातो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने ती 2019मध्ये कायदेशीर केली. त्यात लाकडाचे तुकडे आणि गवत असतं खरं, पण ते बंद पात्रात, बाहेरून हवा देऊन आणि ओलावा राखून. तिथे काम होतं ते या हवेच्या जोरावर. बुजवलेल्या कबरीत हवा द्यायला कोण बसलंय?

मग करायचं काय? जागा ठरवतानाच सर्वांत ओल्या दिवसांत कबरीएवढा खोल खड्डा खणा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. तळाशी पाणी दिसलं तर ती जागा सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998च्या अहवालात कबरीचा तळ आणि भूजल यांच्यात किमान 1 मीटर अंतर राखायला सांगितलं आहे. जागा बदलता येत नसेल तर कबरीपेक्षा खोल चर काढून पाणी उताराने बाहेर न्या, वरच्या बाजूचं वाहतं पाणी अडवा, नियम परवानगी देत असतील तर कमी खोलीवर दफन करा. शवपेटी आणि कपडे विघटनशील असू द्या. प्लॅस्टिकचं अस्तर हवा आणि ओल दोन्ही कोंडतं. आणि जुन्या, पाणी तुंबलेल्या कबरीवर वरून काहीही टाकून ती सुधारत नाही. तिथे आधी पाणी उतरवा, आणि ठरलेली मुदत संपली म्हणून ती उघडू नका.