सुवाच्य अक्षरात कॅड-कॅम

मेकॅनिकल इंजिनियरिंगला कॅड-कॅम, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं आणि कॉम्प्युटरच्या मदतीने माल बनवायचा, असा विषय आहे म्हटल्यावर आमच्या घरात आनंदीआनंद झाला. पोरगा आता एसीत बसून कॉम्प्युटर चालवणार! सेमिस्टर संपत आलं तेव्हा माझ्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला होता आणि आई विचारत होती, "कॉम्प्युटर शिकतोयस की दस्तऐवज लिहायला बसतोयस?"

तिला काय सांगणार? पेपरात कॉम्प्युटर नसतो. पेपरात कॉम्प्युटर आपण असतो.

ब्रेसनहॅम नावाच्या माणसाने १९६२ साली आयबीएममध्ये असताना एक युक्ती काढली. तिरपी रेघ मारायची तर कुठला ठिपका घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे यंत्राला झटपट ठरवता यावं म्हणून. यंत्राची सोय झाली. आम्हाला मात्र रेघेची दोन टोकं देतात आणि मधल्या एकेका ठिपक्याचा निवाडा कोष्टक आखून करायला लावतात. एका ठिपक्याला चुकलं की पुढची सगळी रेघ भलत्या वाटेने जाते आणि मार्कही तिच्याबरोबर जातात.

बेझिएंची कथा तर आणखी भारी. हे गृहस्थ रेनॉ या मोटार कंपनीत इंजिनियर. गाडीच्या पत्र्याची वळणं हाताने काढत बसायला नको, म्हणून त्यांनी ती गणितात बसवली. आम्ही वळणाला आकार देणारे चार बिंदू, म्हणजे कंट्रोल पॉइंट, घेऊन कॅल्क्युलेटरवर घन आणि वर्ग काढतो, आलेले बिंदू ग्राफपेपरवर मांडतो आणि शेवटी ते वळण हातानेच काढतो. खरं म्हणजे हेच गणित सित्रोएन या दुसऱ्या मोटार कंपनीतल्या द कास्तेलझो यांनी १९५९ मध्येच केलं होतं, पण कंपनीने ते बाहेर पडू दिलं नाही, म्हणून नाव बेझिएंचं झालं. सबमिशनच्या दिवसांत आमच्या वर्गातही हेच चालतं. मूळ जर्नल कुणी लिहिलं ते कुणी विचारत नाही, ज्याची झेरॉक्स फिरते तो हुशार.

त्यातल्या त्यात आकृत्या हलवायचं-फिरवायचं आकड्यांचं कोष्टक, म्हणजे मॅट्रिक्स, मला पटकन समजलं, त्याचं श्रेय रेल्वेला. त्रिकोण भलत्याच बिंदूभोवती फिरवायचा असेल तर थेट फिरवता येत नाही. आधी तो बिंदू ओरिजिनवर, म्हणजे ग्राफच्या शून्यावर, आणायचा, तिथे त्रिकोण फिरवायचा, मग सगळं परत जागेवर न्यायचं. मुलुंडच्या माणसाला बोरिवलीला जाताना लोकलने दादर करावं लागतं, त्यातलाच प्रकार. उत्तर चुकलं की समजावं, आपण दादरलाच उतरून राहिलो.

लॅबमध्ये कॉम्प्युटर होते, नाही कशाला म्हणू? एसीही होता, त्यामुळे मे महिन्यात हजेरी उत्तम. सॉफ्टवेअरची लायसन्सं मात्र मोजकी, म्हणून उशिरा आलेल्याने मित्राच्या खुर्चीमागे उभं राहून "अरे, डायमेन्शन दे ना" एवढंच म्हणायचं. समजा एका प्लेटचं स्केच काढायचंय. त्यातली रेघ निळी असेल तर ती अजून मोकळी, सगळी मापं आणि बंधनं बसली की काळी. सगळी प्लेट काळी होते आणि कोपऱ्यातली एकच रेघ निळी राहते. ती माउसने ओढून बघावी तर अख्खी प्लेट तिच्यामागून वाकडी होत निघते.

आणि मग कॅम. सीएनसी, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रॅमवर चालणारं कापायचं मशीन, एकच, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, ते उघडायचा मान लॅबच्या काकांचा. प्रोग्रॅम आधी जर्नलमध्ये, सुवाच्य अक्षरात. जी०० म्हणजे झपकन जा, जी०१ म्हणजे कापत सरळ जा, एम०३ म्हणजे स्पिंडल, मशीनचा फिरता दांडा, फिरव. काकांनी माझं पान बघितलं आणि पन्नासच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"इथलं टिंब कुठाय?"

"काका, पन्नासच आहे ना ते?"

"तुझ्यासाठी पन्नास. टिंब नसलं तर हा कंट्रोलर मायक्रॉन धरतो, मिलिमीटरचा हजारावा भाग. टूल जागचं हलल्याचं दिसणारसुद्धा नाही."

टिंब मूळ जर्नलमध्ये होतं हो, मी उतरवून घेतलेल्या झेरॉक्समध्ये उडालं. पुढचा अर्धा तास आमची सगळी बॅच मशीनभोवती बसून आकड्यांना टिंबं देत होती. मग काकांनी आधी जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, न लावता ड्राय रन घेतला, एक हात शेवटपर्यंत लाल बटणापाशी. अखेर अ‍ॅल्युमिनियमचा पायऱ्यापायऱ्यांचा दांडा निघाला. चिठ्ठ्या टाकल्या, तो माझ्या वाट्याला आला.

घरी आजोबांच्या हातात दिला. आजोबा लालबागला गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, लेथवर धातू कापायचे. १९८२ चा संप झाला आणि त्यांचं लेथ सुटलं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड बाजारात आलं तेही १९८२ लाच. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आलं असेल, आम्ही मोर्च्यात होतो." मिलिमीटर त्यांना कळतात, पण मनातून ते अजून सुतातच, इंचाच्या आठव्या भागात, मोजतात. त्यांनी कपाटातून बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर काढलं, चष्मा कपाळावर चढवला, दांडा उजेडाकडे नेऊन प्रत्येक पायरी मापली.

"फिनिश चांगलं आहे. टूल कुणी लावलं?"

"काकांनी."

"माल कुणी कापला?"

"मशीनने."

"मग तुला मार्क कशाचे?"

"अक्षराचे."

त्यांनी जर्नल मागून घेतलं, चार पानं उलटली आणि म्हणाले, "ते तरी कुठे बरं आहे?"