इलेक्ट्रॉनला तुमच्या विचारांशी देणंघेणं नाही

‘क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलंय, चेतना हीच खरी, पदार्थ ही तिची निर्मिती. विचार बदला, शरीर आपोआप बरं होईल.’ हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय आणि मी तो मुकाट्याने डिलीट करत आलोय. आता तो वाचून आत्याने रक्तदाबाची गोळी बंद केली, तेव्हा गप्प बसवत नाही.

इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून सोडले की पलीकडच्या पडद्यावर लहरींसारखे पट्टे उमटतात; कुठल्या फटीतून गेले ते तपासलं की पट्टे जातात. त्यावरून दावा असा की, कुणी ‘पाहिलं’ की इलेक्ट्रॉन वागणं बदलतो, म्हणजे मन पदार्थ घडवतं. अहो, इलेक्ट्रॉनकडे टक लावून कुणी बसत नाही! तो कुठल्या फटीतून गेला हे कळायला त्याच्याशी काहीतरी भिडावं लागतं आणि त्यातच लहरींचे पट्टे पुसले जातात. व्हिएन्नातल्या संशोधकांचा २००४ सालचा ‘नेचर’मधला प्रयोग बघा. ७० कार्बन अणूंचे रेणू त्यांनी लेसरने तापवून बारीक जाळ्यांमधून सोडले. तापलेला रेणू जाता जाता प्रकाश टाकतो आणि त्यातून त्याचा ठावठिकाणा फुटतो. रेणू जितके जास्त तापवले तितके पट्टे फिके पडले. तो प्रकाश कुणी बघतही नव्हतं. यात मन आलं कुठून?

मेसेजमध्ये भौतिकशास्त्रज्ञ विग्नर यांचं नाव आहे. क्वांटम मोजमापात बघणाऱ्याच्या जाणिवेला स्थान आहे असं त्यांनी १९६१ साली लिहिलं होतं, हे खरं. पुढे त्यांनी ते मत सोडलं, एवढं मात्र मेसेजवाल्यांना आठवत नाही.

आता गोळीचं. बरं वाटेल या नुसत्या भरवशानेही वेदना, मळमळ कमी होते, मान्य. पण वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतही नाही. शरीर घडवणाऱ्या मनाला आपल्याच धमन्यांची खबर नसावी? वर काही गोळ्या एकदम थांबवल्या की दाब उसळी घेतो, ते वेगळंच.

मेंदूतल्या पेशींच्या विद्युत्-रासायनिक खटाटोपातून ‘मला दुखतंय’ ही जाणीव कशी उपजते, हे अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स १९९५ साली याला ‘अवघड प्रश्न’ म्हणाले, ते उगाच नाही. पण उत्तर सापडत नाही म्हणून वाट्टेल ते खपवायचं?

राहिला तो मरताना शरीर सोडून जातो म्हणतात तो २१ ग्रॅमचा आत्मा. डंकन मॅकडुगल या डॉक्टरने १९०७ साली छापलेला हा आकडा सहा मरणासन्न रुग्णांपैकी एकाच्याच वजनातल्या घटीचा. त्याने कुत्रीही तोलली. त्यांचं वजन घटलं नाही, तर कुत्र्यांना आत्माच नाही म्हणून मोकळा झाला.